माझा कीबोर्ड आणि आप्पांची लाईन

माझ्या हातात माईक आला की मला माझं वय आणि नोकरी, दोन्हींचा विसर पडतो. एरवी मी नंदुरबारच्या एका हायस्कुलात गणित शिकवणारा पन्नाशीचा मास्तर. पण सुट्टीच्या दिवशी गळ्यात उपरणं, पुढ्यात कीबोर्ड, आणि आपल्यावाचून तालुक्यातला एकही उत्सव पार पडत नाही हा पक्का समज.

त्या वर्षी रनाळ्याच्या गणेश मंडळाचा कार्यक्रम होता. मी कीबोर्डवर बासरीचा आवाज लावून तयार बसलो. आधी पाहुण्यांचा सत्कार. पाहुणे अकरा. प्रत्येकाला शाल, नारळ, टोपी, आणि प्रत्येकाचं ‘दोनच शब्द बोलतो’ असं सांगून केलेलं भाषण. अखेर माझं नाव पुकारलं गेलं. मी डोळे मिटले, मान किंचित कलती केली, हात हवेत उचलला आणि झोकात पट्ट्यांवर टाकला.

शांतता! कीबोर्डचा छोटा पडदा काळा, दिवा विझलेला. समोरच्या बायका पदराआड हसायला लागल्या.

विजेच्या लाईनीचं काम धानोऱ्याच्या आप्पांकडे होतं. आप्पा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणारे, कमी बोलणारे. मंडळाची लायटिंग वर्षानुवर्षं त्यांचीच. ते स्टेजवर आले, वाकून बोर्ड बघितला आणि हळूच म्हणाले, "सर, माईक चालू शे, पंखा चालू शे. एकच बोर्डनी लाईन शे. मंग तुम्हनी पेटीलेच काय व्हयनं?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. गणिताच्या मास्तराला तो पडायला हवा होता. पण समोर पाचशे माणसं होती. मी माईक उचलला. "मंडळी, सूर मी नंदुरबारहून आणले, पण करंट आप्पा धानोऱ्याला विसरून आले!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! आप्पांनी मान खाली घालून माझा अॅडॅप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला, कीबोर्डचं बटण दाबलं, आणि तो चालू झाला. बासरी जाऊन पियानो आला होता, पण आला. म्हणजे सॉकेटच खराब! पुरावा मिळाला. पुढे बक्षीस वाटप लांबलं आणि कीबोर्ड पुन्हा मेला, तेव्हा मी माईकवरून आणखी तीन विनोद केले. त्यातला एक आप्पांच्या चष्म्यावर होता.

त्याच आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांनी लायटिंगचं काम दुसऱ्याला दिलं.

पंधरा दिवसांनी घरी एक पाहुणे आले. मी कीबोर्ड सेलवर लावून वाजवत होतो, तो तसाच चालू ठेवून गप्पा मारत बसलो. गप्पा लांबल्या. पाहुणे गेल्यावर बघतो तर पडदा काळा. भिंतीतल्या लाईनीचा इथे काही संबंधच नव्हता.

बायको दारातून म्हणाली, "आता कुणाला झापणार? सेलवाल्याला?"

मी खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये जशीच्या तशी पडलेली माहितीपुस्तिका काढली. अर्धा तास कुणी पट्टी दाबली नाही, तर वीज वाचवण्यासाठी कीबोर्ड आपणहून बंद होतो. ही सोय नको असेल तर डावीकडची अगदी शेवटची पट्टी दाबून धरायची आणि बटण दाबून चालू करायचा. झालं. अकरा सत्कार म्हणजे अर्ध्या तासाच्या वर, हा हिशेब मी त्या दिवशी केलाच नव्हता.

मी शेवटची पट्टी दाबली, बटण दाबलं. ती सोय बंद झाली. आणि मी गप्प बसलो.

नवरात्रात पुन्हा रनाळे. लाईन नव्या माणसाची. सत्कार सव्वा तास चालला आणि कीबोर्ड टक्क जागा! अध्यक्षांनी माईक घेतला : "बघा मंडळी, माणूस बदलला आणि काम सुधारलं!" टाळ्या पडल्या. मी खुर्चीतून अर्धवट उठून त्या टाळ्यांना नमस्कार केला. आजही रस्त्यात कुणी नमस्कार केला की तो नमस्कार मला आठवतो आणि कान तापतात.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला गेलो. आप्पांच्या दुकानात स्टेजवरचा तो बोर्ड टेबलावर उघडा पडला होता. मला पाहून ते उठले, स्टूल पुसून दिलं.

"सर, बठ्ठा बोर्ड खोली टाका. वायरी बदली टाक्यात. तरी फॉल्ट सापडनं नही. तुम्हीच सांगा, मी कोठे चुकनू?"

महिनाभर हा माणूस नसलेला बिघाड शोधत होता. मी सगळं सांगितलं. हातवारे न करता. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"मंग तठे सांगा," ते म्हणाले. "जठे बोलनात, तठेच."

दत्तजयंतीला रनाळ्यात, त्याच स्टेजवर मी माईक घेतला. आप्पा मागे लिंबाखाली उभे होते. मी सुरुवात चांगली केली. म्हणालो, आज मला माझी एक चूक सांगायची आहे. पण कीबोर्ड कसा झोपतो हे सांगताना मी मान टाकून घोरून दाखवलं. पहिला हशा आला. मग पाहुण्यांच्या भाषणाची नक्कल. मग काळ्या पडद्यावर हात आपटणारा मी. लोक मांड्यांवर थापा मारत होते. स्वतःची एवढी फजिती मी कधी केली नव्हती, आणि ती इतकी रंगली की मला वाटलं, फिटलं.

खाली उतरलो तर आप्पा सायकलीचं कुलूप काढत होते.

"लोके भलता हासनात, सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण मन्हा दोष नव्हता, हाई कव्हय सांगं तुम्ही?"

मी सगळं भाषण मनात पुन्हा फिरवलं. ‘दोष आप्पांचा नव्हता’ हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं. मी विसरलो नव्हतो. माझ्या जिभेवर ते दोनदा आलं होतं. पण त्या वाक्याला हशा मिळाला नसता, समोरची माणसं गप्प झाली असती, म्हणून दोन्ही वेळा मी ते गिळून नक्कल पुढे नेली होती.

मी परत स्टेजकडे धावलो. तिथे आरती सुरू झाली होती. आरती संपल्यावर अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं, दोष माझा होता, काम आप्पांना परत द्या. ते अजून हसतच होते. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, तुम्ही घोरनात ना, ते मात्र एक नंबर!" आणि प्रसाद घ्यायला गेले.

मी लिंबाखाली आलो तेव्हा आप्पा निघून गेले होते.