लूज पार्ट, नग एक

स्क्रीनवर इन्स्टॉलरने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. या मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही.

देवधर साहेब माझ्या मागे उभे होते. "नाही म्हणजे? समोर तर दिसतेय."

"तुम्हाला दिसतेय. मशीनला दिसत नाहीये."

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पेणला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि रोह्याच्या एका केमिकल कंपनीचं मेंटेनन्सचं काम माझ्याकडे होतं. देवधर साहेब तिथले कमर्शिअल मॅनेजर. ऑफिसची सगळी मेल एका जागी यावी म्हणून त्यांना सर्व्हर हवा होता. मी लिनक्स सुचवलं. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत त्याची सीडी फुकट आली होती. तिथेच साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. "फुकट देतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले होते. आता त्यांना पुरावाच मिळाला.

पण लिनक्सचा यात दोष नव्हता. मशीन चालू झालं की आधी आपल्या अंगावर काय काय जोडलंय याची हजेरी घेतं. ते काम बायोस करतो. लिनक्स, विंडोज, सगळे त्याच्यानंतर येतात. मी बायोसमध्ये जाऊन बघितलं, तर तिथेही डिस्क गैरहजर. त्याच केबलवरचा सीडी ड्राइव्ह एकदा दिसायचा, एकदा नाही. तो जुना होता, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ही माझी पहिली चूक.

मग नेहमीची झडती. केबल बदलली. पॉवरचा कनेक्टर बदलला. डिस्कला कान लावला, आत फिरण्याचा आवाज येत होता. शेवटी माझ्या बॅगेतली जुनी डिस्क त्याच केबलला लावली. ती लगेच दिसली, आणि सीडी ड्राइव्हही शहाण्यासारखा वागायला लागला.

"म्हणजे मशीन ठीक, केबल ठीक," साहेब म्हणाले. "खोट डिस्कमध्येच. आणि डिस्क तर कोरी करकरीत घेतलीय."

मी डिस्कची चंदेरी पिशवी उचलली. ती फोडून पुन्हा खाकी टेपने चिकटवलेली होती. मी ती साहेबांना दाखवली. दाखवायला नको होती, पण संशय हा आमच्या धंद्यातला रोग आहे. दिवसभर केबलवर संशय घेणारा माणूस संध्याकाळपर्यंत माणसांवर घ्यायला लागतो.

साहेबांनी स्टोअरकीपरला बोलावलं. नाना म्हात्रे. मूळचे धरमतरकडचे, घरचे सगळे मिठागरावर राबलेले. नाना मात्र इथे सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळून होते आणि रोह्याजवळच्या वरश्यात खोली करून राहत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. महिनाभरापूर्वी स्टोअरमधून एक मोटर गायब झाली होती. ती कोणी नेली ते कळलं नव्हतं आणि साहेब ते विसरले नव्हते.

"पिशवी कोणी फोडली?"

"मीच," नाना म्हणाले. "माल बघितल्याबिगर मी आत घेत नाय."

"आणि आत जी डिस्क होती तीच ही?"

"तीच हाय."

बिलावर सिरीयल नंबर नव्हता, त्यामुळे ताळा करायला काही नव्हतं. साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "लिहून द्या. डिस्क बदललेली असण्याची शक्यता आहे, एवढंच. पुढचं मी बघतो. नाना, उद्यापासून गेटच्या आत यायचं नाही."

मी लिहिलं. सहीसुद्धा केली. खरं सांगतो, मला पटलं होतं. पिशवी फोडलेली, मोटर गेलेली, डिस्क मुकी. आणखी काय हवं?

नानांनी वाद घातला नाही. कागद वाचला आणि मला विचारलं, "तो बारका तुकडा लावलाव का तिला?"

"कोणता तुकडा?"

"तुम्ही मागाल म्हणून मी वाट बघत व्हतो." ते स्टोअरकडे निघाले. साहेबांनी वॉचमनला त्यांच्या मागे पाठवलं, पळून जातील म्हणून. मला तेव्हा त्यातही काही वावगं वाटलं नाही.

नाना एक छोटं पाकीट घेऊन आले. त्यात तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा प्लास्टिकचा तुकडा होता. जम्पर. डिस्कच्या मागच्या दोन पिनांवर तो बसवतात. एका केबलवर दोन वस्तू असल्या की पहिली कोण आणि दुसरी कोण हे त्यावरून ठरतं. जम्पर काढला की या डिस्कला वाटायचं, आपण दुसरी. सीडी ड्राइव्हही दुसराच. पहिलं कोणीच नाही, मग हजेरी कोण देणार? नव्या डिस्कला जम्पर कंपनीतूनच लागून येतो, म्हणून मी तिच्या मागे बघितलंच नव्हतं.

"काढलात कशाला, नाना?"

"हलत व्हता. मागं एकदा पंपाचा वॉशर असाच पडला नि हरवला, दोन दिस प्लांट बंद. तवापासून हलतं ते काढून पाकिटात. पन लिहून दिलंय ना."

त्यांनी डिस्क देतानाच्या पावतीची कार्बन कॉपी पुढे केली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "हार्ड डिस्क, नग एक. लूज पार्ट, नग एक, स्टोअरमधून मागून घेणे." खाली घेणाऱ्याची सही. माझी. न वाचता ठोकलेली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. जम्पर बसवला. बायोसमध्ये डिस्क आली, लिनक्सलाही दिसली आणि तासाभरात सगळं चढलं. साहेब एवढंच म्हणाले, "ठीक आहे नाना, जा कामाला." माफी त्यांनी मागितली नाही. मी मागितली, खाली बघून.

मी तो कागद फाडायला घेतला. नानांनी हात धरला.

"फाडू नका. सही हाय त्यावर. रेकॉर्ड झाला तो."

त्यांनी कागदाला पंचिंग मशीनने भोकं पाडली, खाली दोन ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे धरला. "लूज पार्ट दिला. डिस्क चालू. स्टोअरकीपरवरचा संशय चुकीचा."

"करा सही," ते म्हणाले. "या टायमाला वाचून करा."

मी दोनदा वाचलं, मग सही केली. तेव्हापासून डिस्क दिसेना झाली की मी आधी जम्पर बघतो. माणसांकडे बघायची वेळ आजवर तरी आलेली नाही.