मुळेकाकांच्या सुऱ्या

मुळेकाका सुरीची धार स्वतःच्या हातावरचे केस भादरून पाहत. त्या टकलापायी उज्जैनच्या भर मे महिन्यातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हिंडत. पोस्टातून निवृत्त झालेली माणसं महाकालाच्या रांगेत लागतात. काकांनी गच्चीवर सुऱ्या घडवायची भट्टी लावली. ट्रकच्या कमानी-स्प्रिंगच्या तुकड्याचं पातं, बाभळीची मूठ आणि देवास गेटच्या मोच्याकडून आणलेल्या चामड्याचं, हाताने शिवलेलं म्यान. वाघ सोलावा अशी हत्यारं, आणि माणूस असा की केकमध्ये अंडं नाही ना, हे तीनदा विचारणार. चामड्याला हात लागला की आंघोळ केल्याशिवाय देवघरात जात नसत.

"ऐसा है," ते म्हणत, "सुरी हातात बसली पाहिजे. दिखाव्याला काय, लोक तलवारी पण टांगतात."

लोक त्यांच्या सुऱ्याही टांगूनच ठेवत. आम्हा शेजाऱ्यांकडची शोकेसमध्ये होती. पण काकांना खरं दुःख होतं ते स्वतःच्या घराचं. मालतीकाकू जमिनीवर बसून विळीवरच चिरत. दर दिवाळीला काका नवी सुरी ओट्यावर ठेवत आणि काकू ती म्यानासकट बाहेर आणून ठेवत. "चामडं स्वयंपाकघरात नको," एवढंच म्हणत.

मग काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. काकांनी चेहरा जमेल तितका दुःखी ठेवला, पण त्याच दुपारी कणकेचा गोळा घेऊन काकूंसमोर उभे राहिले. "मुठीत दाब. माप पाहिजे." बोटांच्या त्या ठशांवरून त्यांनी मूठ घडवली. म्यान मात्र मुकाट्याने भैरवगढच्या छापील कापडाचं शिवलं.

सुरी दिली तेव्हा मी तिथेच होतो. काकूंनी ओट्याशी उभं राहून गिलकी चिरायला घेतली.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"विळीसारखीच."

काकांचं तोंड उतरलं. "लग्नाला चाळीस साल झाले. एकदा तरी माझ्या हातचं काही वापरायचं होतंस."

काकूंनी मान वर केली नाही. "विळीला दर महिन्याला धार कोण लावत होतं? दुसऱ्या कोणाच्या धारेने मी कधी चिरलंय का?"

एरवी पोलादावर तासभर बोलणारे काका गच्चीवर निघून गेले.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. सुरी आता इतकी बोथट झाली आहे की टोमॅटो चिरण्याऐवजी चिरडला जातो. परवा न राहवून मी ती उचलली आणि धार लावून आणतो म्हणालो. काकूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "अजून थोडी आहे त्यांची."