कमळाबाईंचा आडवा पाय

भागोजींना कंपवात झाला तेव्हा वाडीला वाटलं, आता म्हातारा चहा सांडणार, एवढंच. हात थरथरतात तो कंपवात, असं सगळ्यांनाच वाटतं. पाय जमिनीला चिकटतात हे कुणी सांगत नाही. माजघरातून पडवीत जायचं तर भागोजी दारात येऊन जे उभे राहायचे ते राहायचेच. छाती पुढे जायची, पाय मात्र जागच्या जागी टपटप करायचे. कमळाबाई मागून म्हणायच्या, "अवो, उचला की पाय!" आणि जन्मभर परळच्या छापखान्यात उभ्याने राबलेला तो माणूस चिडून म्हणायचा, "मी काय नाय म्हनतंय? ह्योच उचलत नाय."

कमळाबाई हाडकुळ्या, कंबरेने कामातून गेलेल्या. भागोजी आडदांड. मुलगा दीपक नालासोपाऱ्याला एका खोलीत बायकापोरांसह राहणारा, गणपतीला येणारा. त्यामुळे हिशोब सरळ होता. हा माणूस चालता आहे तोवर आपलं घर चालेल. तो अंथरुणाला खिळला, तर त्याला उचलणार कोण? ही भीती कमळाबाई कुणापासून लपवत नसत. भेटेल त्याला सांगत, आणि लोक ऐकून चुकचुकत आणि आपापल्या वाटेने जात.

मिरजोळ्याला नम्रता नावाची मुलगी अशा आजारांच्या लोकांचा योगवर्ग घेते हे कळलं, तेव्हा कमळाबाईंनी रिक्षा सांगितली. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून हात वर, श्वास आत. भिंतीला पाठ टेकून ताठ उभं राहायचं. भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा. वळायचं असेल तर जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, मोठा फेरा घेऊन वळायचं. नम्रताने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकू, गोळ्या बंद करायच्या नाहीत. योगाने हा आजार जात नाही, अंग मोकळं राहतं." कमळाबाईंनी त्यातलं अंग मोकळं राहतं एवढंच ऐकलं आणि तेही बरं होणार असं ऐकलं. घरी त्या नम्रतापेक्षा कडक. भागोजींनी कंटाळा केला की वसकन अंगावर जायच्या, मग गोठ्यामागे जाऊन पदरात तोंड घालून रडायच्या.

काही महिने बरे गेले. मग पावलं पुन्हा दारात अडकू लागली. नम्रता वर्गात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवायची. सपाट जमिनीवर न उचलणारा पाय समोर काही आडवं दिसलं की उचलतो, ही त्या आजाराची एक अजब तऱ्हा आहे. पण घरातल्या सारवलेल्या जमिनीवर पट्टी टिकेना. काठी ठेवली तर ती पायाखाली घरंगळली. तेव्हा नम्रता म्हणाली, "काकू, तुमचाच पाय आडवा घाला. ते ओलांडतील."

भागोजी ओलांडेनात. त्यांच्या आईने लहानपणापासून मनावर ठसवलं होतं की माणूस ओलांडायचा नसतो, त्याचं आयुष्य घटतं. चुकून ओलांडलाच तर लगेच उलटं ओलांडून परत यायचं, म्हणजे दोष फिटतो. छापखान्यात उभं आयुष्य गेलं, मुंबई पाहिली, पण आईचं ते बोलणं काही सुटलं नाही. कमळाबाईंनी पाय घातला की ते मान हलवायचे आणि तसेच थरथरत उभे राहायचे.

त्या दुपारी त्यांना परसातल्या संडासला जायचं होतं. मागच्या दारात पाय अडकले. कमळाबाईंनी विनवलं, श्वास सोडायला लावला, ताल धरला. काही उपयोग होईना. लुंगी ओली होऊ लागली आणि भागोजी भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडू लागले. ते कमळाबाईंना बघवेना. त्या सरळ दारात खाली बसल्या आणि दोन्ही पाय आडवे पसरले.

"ओलांडा! माजा आयुष्य घटला तं घटू दे. हे असला बगत जगून तरी काय करू मी?"

भागोजींनी डोळे पुसले. पाय उचलला. मग दुसरा. तरण्या माणसासारखे ते पार बाहेर परसात! कमळाबाई कपाळाला हात लावून हसल्या, कित्येक दिवसांत पहिल्यांदा. "आता असा रोज," त्या ओरडल्या, "जावा, जावा बिगीबिगी!"

पण ते संडासाकडे गेलेच नाहीत. ते थांबले, मागे बघितलं.

"परत येतंय," ते म्हणाले. "उलटा ओलांडाया पायजे. तू हालू नको."

"अवो, नको! फेरा घेवन वळा!"

फेरा घ्यायला त्यांना धीर नव्हता. जागच्या जागी वळायला गेले, एक पाय जमिनीलाच राहिला आणि सगळं आडदांड शरीर दाराच्या जांभ्या दगडावर आपटलं. खुब्याचं हाड मोडलं. तसे पडल्या पडल्या ते कमळाबाईंना विचारत होते, "गेला काय पाय उलटा ओलांडून? गेला काय?"

"गेला," कमळाबाई म्हणाल्या. भागोजींचा पाय दाराबाहेरच होता आणि तो त्यांना दिसत होता.

ऑपरेशन झालं. दीपक आला, आठवडा राहिला, खाली मान घालून परत गेला. भागोजी त्यानंतर उभे राहिले नाहीत. नम्रता कधीमधी येते, उशाशी बसून त्यांच्याकडून श्वासाचा व्यायाम करून घेते. पहिल्यांदा आली तेव्हा "माझंच चुकलं काकू" म्हणून रडली. कमळाबाईंनी तिला चहा दिला, पण "नाही गो, तुजा काय चुकला" असं काही त्यांच्या तोंडून निघेना.

आता भागोजींना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, सगळं त्याच दोन हाडकुळ्या हातांनी. त्यांचं बोलणं जवळजवळ गेलंय. पण कमळाबाईंना खोकला आला की भागोजींचे डोळे भेदरून त्यांच्याकडे वळतात. म्हणून त्या खोकायला परसात जातात.

लग्न झाल्यापासून दर वटपौर्णिमेला त्यांनी एकच मागणं मागितलं होतं, नवऱ्याच्या आधी सवाष्ण जाऊ दे. यंदा वडाला सूत गुंडाळताना शेजारणी आपापलं पुटपुटत होत्या. कमळाबाईंनी हात जोडले, आणि भरल्या कपाळाने, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "आधी त्यान्ला ने. मना त्यांच्यामागं एक दिवस तरी ठेव."