आक्काताईंचा बिनतिथीचा उपास

खरं बोलणाऱ्या माणसाकडं नोकरी करणं लय अवघड. मी केलीया, म्हणून सांगतो. आक्काताई म्हंजे सांगलीतल्या हळदीच्या अडतीचे मालक धनपालअण्णा, त्यांच्या आई. गिऱ्हाईक हळद हातात घेऊन वास घ्यायला लागलं की ह्या आतनं म्हणायच्या, "बाबा, ती गेल्या सालची हाय बरं का." अण्णा कपाळाला हात लावायचे. पण आईपुढं बोलायची कुणाची टाप?

लढाई संपली तवा मी मिसरातनं, म्हंजे इजिप्तमधनं, परत आलो. तिकडं पलटणीची लॉरी चालवायचो. उजव्या खांद्यात बाँबचा तुकडा घुसलेला, त्यामुळं हात हलायचा पण त्यात जोर नव्हता. कडेगावापासनं इस्लामपूरपर्यंत ज्याच्याकडं मोटार, त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. "अर्जुना, गडी चांगला हाईस, पर हात..." असं म्हणून सगळ्यांनी च्या पाजला आणि वाटेला लावलं. च्या पिऊन पोट भरतंय व्हय?

अण्णाबी तेच म्हणणार व्हते. तेवढ्यात आक्काताईंनी विचारलं, "तुझ्या गाडीखाली कधी माणूस, जनावर सापडलं का रं?"

"न्हाई, आक्का."

"मग ठेव ह्याला," त्या लेकाला म्हणाल्या. एवढ्या शब्दावर माझी चूल पेटली. हे मी जल्मात विसरायचो न्हाई.

मोटार अण्णांनी जुनी घेतलेली, कुणा दिवाणजीची. स्टेरिंग असलं कडक की प्रत्येक वळणाला खांद्यातनं कळ यायची. शेवटी बिराप्पा मिस्त्रीकडं नेली. त्यानं पुढची चाकं जॅकवर उचलली आणि स्टेरिंग फिरवून बघितलं. चाकं अधांतरी, तरीबी जडच. म्हंजे दोष आतच. सांध्यांतलं ग्रीस वाळून खडा झालेलं, वर आधीच्या कुणा शहाण्यानं स्टेरिंगच्या पेटीचा स्क्रू पार आवळून ठेवलेला. बिराप्पानं सांधे धुऊन नवं ग्रीस भरलं आणि स्क्रू जरासा ढिला केला. "थोडी ढील ठेवायला लागती गड्या," म्हणाला. त्या दिवशी मी गाणं म्हणत घरी गेलो.

आक्काताईंचा नेम व्हता, दर पौर्णिमेला कुंडलच्या डोंगरावर पार्श्वनाथाचं दर्शन. त्यांच्या मणक्याला दुखणं आणि रस्ता सगळा खडीचा. खड्डा आला की मागनं बारीक कण्हणं ऐकू यायचं. जिनं मला भाकरी दिली ती मागं कण्हतीया आणि मी पुढं आरामात बसलोय, हे काय मला बघवंना.

वाळवंटात लॉरी वाळूत रुतू नये म्हणून आमी चाकांतली हवा कमी करायचो. तसं केलं की धक्केबी कमी बसायचे. मग काय, पौर्णिमेच्या सकाळी मी चारी चाकांची हवा थोडी सोडायला लागलो. आक्काताईंचं कण्हणं थांबलं. पण मऊ चाक जमिनीवर पसरून बसतंय, ते वळवायचं म्हंजे ताकद लागती. स्टेरिंग पुन्हा जड झालं. खांदा रातभर ठणकायचा. माझी बायको शालू तेल चोळता चोळता मला शिव्या घालायची.

एकदा अण्णाबी बरोबर व्हते. पलूसच्या वळणावर समोरनं उसाची गाडी आली आणि माझ्या हातानं दगा दिला. मोटार बैलगाडीच्या चाकाला घासली. कुणाला खरचटलंबी न्हाई, पण अण्णांचा चेहरा उतरला. सांगलीत येताच त्यांनी गाडी थेट बिराप्पाच्या दारात घ्यायला लावली.

"गाडी बघ," ते म्हणाले. "गाडीत दोष नसंल तर ह्याच्या हातात हाय. मग उद्यापासनं दुसरा ड्रायव्हर."

बिराप्पानं चाकं उचलली, तर स्टेरिंग अल्लाद फिरलं. खाली टेकवली, तर जड. त्यानं टायर अंगठ्यानं दाबला.

"स्टेरिंग झकास हाय. चाकांत हवा कुठाय?"

अण्णा माझ्यावर तापले. "हवा बघणं हे ड्रायव्हरचं पहिलं काम. तेवढंबी जमंना तुला?"

खरं सांगितलं असतं तर माझ्या खांद्यापायी म्हातारी पुन्हा मोटारीत बसली नसती, आणि चालत तिला कुंडल गाठणं शक्य नव्हतं.

आक्काताईंनी गाडीतनंच विचारलं, "बिराप्पा, हवा कमी असली की काय व्हतंय?"

"गाडी जड वळती, आक्का. पण बसणाऱ्याला दणके लागत न्हाईत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"धनपाल," त्या म्हणाल्या, "हवा मीच कमी करायला लावली. हा नको म्हणत व्हता."

अण्णांनी मान डोलावली. आईचा शब्द खोटा असंल हे त्यांच्या सपनातबी आलं नसतं. त्यांनी बिराप्पाला हवा भरायला सांगितली आणि माझी नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी अण्णांची बायको चंदनबाला दारात आल्या. "अर्जुना, आज ना अष्टमी ना चतुर्दशी, आणि आक्कांनी उपास धरलाय. पाणीसुद्धा घेईनात. काल काय झालं का?"

"काय न्हाई, वहिनी," मी म्हटलं, आणि तोंड फिरवून मोटारीची काच पुसायला लागलो. डोळ्यांत पाणी आलेलं.

पुढच्या पौर्णिमेला आक्काताईंनी बसायच्या आधी चारी टायरांवर काठी मारून बघितली. हवा टणक व्हती. स्टेरिंग लोण्यागत फिरत व्हतं आणि मागं गाडी दणादण आदळत व्हती. कुंडलपातूर मागनं हूं की चूं न्हाई. डोंगराखाली गाडीतनं उतरताना मी त्यांना हात दिला.

"आक्का, लय दणके बसले असतील."

"बसले की," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हटलं तर पुन्हा उपास पडंल. तुझा खांदा कसा हाय?"

"बरा हाय," मी म्हटलं, आणि तो खरंच बरा व्हता. मी तिथंच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

घरी आलो तर शालूनं कोंबडीचा रस्सा केलेला. मी म्हटलं, आज जेवत न्हाई. चंदनबालावहिनींना मीबी खोटंच सांगितलं व्हतं की.