बारशाहून ओल्या केसांनी

नीट नियोजन केलं तर आईपासून काहीही लपवता येतं, असं माझं ठाम मत होतं.

औशाचा मामा, आईचा एकुलता एक भाऊ, शनिवारी पहाटे गेला. आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. ती लातूरला माझ्याकडेच होती. मी तिला घाईघाईने चहा दिला, नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि आईला काय सांगायचं ते पढवलं. मी मैत्रिणीच्या नातवाच्या बारशाला जातेय. मामा नांदेडला लेकीकडे गेलाय, मोबाइल घरीच विसरून. "आणि तुम्ही कमी बोला!"

औशाला मामाचा अंत्यविधी उरकून परतले, मागच्या दाराने शिरले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि हसतमुखाने आईपुढे उभी राहिले.

"काय गं, बारशाहून न्हाऊन आलीस?"

"पाऊस लागला हिला वाटेत," नवरा म्हणाला.

लातुरात! मे महिन्यात! गल्लीत टँकरसाठी घागरींची रांग लागलेली असताना!

आईने खिडकीतून कोरड्याठाक रस्त्याकडे पाहिलं. "हाव का. लई झाला असंल."

(जिंकलो, असं मला वाटलं.)

पण संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला नाही. "राहिलं बघ," म्हणाली. दुसऱ्या दिवशी देवघराकडे फिरकली नाही, वरणही बिनफोडणीचं मागितलं. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली. कूलरचा वारा लागत असेल म्हणून मी कूलर फिरवला! आईची स्मरणशक्ती चालली, या निदानावर मी येऊन पोचले आणि सोमवारी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"सोमवार. भावाला जाऊन तिसरा दिवस. सुतकात दिवा लावायचा नसतोय, वरणाला फोडणी चालत न्हाई. ही एवढी शिकलेली, हिच्या ध्यानात येईना!"

"तुला कुणी सांगितलं?" मी जवळजवळ किंचाळले.

"तूच की! साखरेच्या डब्याला मला हात लावू देत न्हाईस, अन् शनिवारी चहात साखर घालून दिलीस. त्याचा सकाळचा फोनबी आला न्हाई. मग तुझा तो पाऊस आला."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू एवढं सगळं बसवलं होतंस. मी रडले असते तर तुझी मेहनत वाया गेली असती, बाई."

मी तिथेच हमसून रडायला लागले. आई एका हाताने माझी पाठ थोपटत राहिली.

डॉक्टरांनी तिच्या दंडाचा पट्टा सोडला आणि माझ्या दंडाला बांधला.