मूठ दाखवा

माझ्या विहीणबाई गिरजाबाई शेवटी शेवटी माझा रामराम घेत नसत. दारातूनच म्हणत, "पाव्हणे, मूठ दाखवा." मी उजवी मूठ वळून दाखवायची, मग चहा. चारचौघांत मला राग येई. पण दाखवत असे.

गोष्ट माझ्या मनगटाची. अकोटकडे आमचं गाव. बांधावरून पडलो, उजवं मनगट मोडलं. अकोल्याच्या दवाखान्यात सकाळी प्लेट टाकली आणि दुपारी म्हणाले, "घरी जा, पण ड्रेसिंगपर्यंत जवळपास राहा." जवळ घर लेकीचं, मंदाचं. लेकीच्या सासरी मुक्काम आमच्यात करत नाहीत. पण करावा लागला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हात बधिर आहे तोवरच दुखण्याची गोळी घ्या, हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवा, बोटं हलवत राहा. मला तर काही दुखत नव्हतं. दुखत नाही तर गोळी कशाची? पुडीच बंडीच्या खिशात टाकली. आणि विहिणीसमोर हात वर करून बसणं शोभतं का? हात मांडीवर सोडला.

"गोळी घेतली का, पाव्हणे?" गिरजाबाईंनी विचारलं.

"घेतली."

दिवेलागणीला बधिरपणा उतरला. मनगटात कोणी तापली सळई फिरवावी तसं झालं. मंदा म्हणे, "बाबा, दुखते का?" मी म्हणे, नाही. सासूच्या देखत बाप कण्हला तर लेकीला जन्माचा टोमणा. गोळीला पाणी मागायचं म्हणजे दुखतं हे कबूल करणं. बोटं हलवली की जीव जाई, म्हणून तीही हलवली नाहीत.

ड्रेसिंगच्या दिवशी बोटं सुजून टम्म. डॉक्टरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "बाबा, आता हलवली नाहीत तर ही अशीच आखडतील. मूठ वळणार नाही."

घरी आलो तर गिरजाबाई माझी बंडी धुवायला घेत होत्या. खिशातून गोळ्या पडल्या. त्या ओरडल्या नाहीत. मंदाला आत पाठवलं आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढे धरला. बोटं आकड्यासारखी वाकलेली. आजवर मी ते म्हातारपण समजत होतो.

"नवी सून होती मी, तवा पडली. सासू काय म्हणल म्हणून बोलली नाही, हात पोटाशी धरून बसली. आता माह्या लुगड्याची गाठ तुमची लेक मारते. तुमच्या धोतराच्या निऱ्या बी तिनंच घालाव्या म्हणता काय?"

मी खाली पडलेल्या गोळ्या वेचू लागलो.

"दुखणं चढल्यावर गोळी कामाची नाही, चढाच्या आधी घ्या लागते. जेवा, गोळी घ्या, मंग कामाले लागा."

दवाखान्यानं बोटांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मी लेकराचा खेळ म्हणून फेकला होता. गिरजाबाईंनी माझं धोतर आणून पुढ्यात टाकलं. "घाला निऱ्या." हात उशीवर, बोटांत धोतराचा काठ. बोट वाकेना. डोळ्यांत पाणी आलं.

"माह्याकडं पाहू नोका, निरीकडं पाहा." त्या मेथी निवडत होत्या. "ही निरी हाय का गोधडीची घडी?"

"इहीनबाई, हाताऐवजी तुमची जीभ मोडाले पाह्यजे होती!"

"मोडली असती तरी हलवत राह्यली असती!"

गोळीच्या वेळा त्यांनी चुकू दिल्या नाहीत. निरी सुटे, पुन्हा घालायला लावीत. मी शिव्या घाली, त्या ऐकून घेत. सूज ओसरली. पुढे मनगटाचा पट्टा निघाला, हात मोकळा झाला आणि गावी निघालो ते धोतर स्वतः नेसून. त्यांनी मागून निऱ्या पाहिल्या आणि नाक मुरडलं. दुखतं असं मी आजही कोणाला म्हणत नाही. पण गोळी वेळेवर घेतो.

यंदा गिरजाबाई गेल्या. झोपेतच. लोक फुलं वाहत होते. मी पुढे झालो आणि उजवी मूठ वळून त्यांच्यासमोर धरली.

त्यांचा एक भाऊबंद कुजबुजला, "म्हातारा मेल्या बाईवर मूठ काहून उगारून राह्यला?"

मंदाने ऐकलं. ती पुढे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. बोटं दुखायला लागली तरी मूठ तशीच धरून ठेवली.