चंद्र हलत नाही

परसातल्या फरशीवर माझी छोटी दुर्बीण उभी आहे. तिला लावलेल्या मोबाइलमध्ये संकष्टीचा चंद्र नुकताच उगवलाय. जवळून कुणी नुसतं चाललं तरी तो थरथरतो.

बायको दर संकष्टीला चंद्र बघून उपास सोडायची. ताट घेऊन ती परसात आली, की मी खेकसायचो, "हलू नकोस, फोटो बिघडतो!"

"अहो, सकाळपासून पोटात काही नाही. आटपा लवकर," म्हणत बिचारी दारातच ताटकळायची.

ती गेल्याला दोन वर्षं झाली. आता चंद्रावरचा खड्डा न् खड्डा स्पष्ट येतो. इतकं स्पष्ट कुणासाठी बघायचं?

आज मी मुद्दाम पाय आपटला. चंद्र जरासा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला.